तीनचाकी दिली, माणूस कोण देणार?



दर 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, जालन्यात जे होतं, तेच थोड्याफार फरकाने साऱ्या महाराष्ट्रात होतं. मंडप पडतो, हार येतात, तीनचाकी सायकलींची रांग लागते. ज्याला सायकल मिळायची तो सकाळपासून उन्हात बसलेला असतो, कारण पाहुण्यांची गाडी अजून समृद्धी महामार्गावर असते. मग फोटो. फोटोत देणाऱ्याचा चेहरा स्वच्छ येतो, घेणाऱ्याचा हारामागे जातो.

सायकलीशी भांडण नाही. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ‘ॲडिप’ योजना 1981 पासून चालू आहे. कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीच्या तीनचाकीने कित्येकांना घराबाहेरचं जग दाखवलं. पण सकाळी खाटेवरून त्या सायकलीत बसवणार कोण, याला अर्जात रकाना नाही.

जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरातले धडधाकट हात कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागे उरते साठी उलटलेली आई आणि विहिरीच्या कामावर मणक्याला मार बसून कमरेखाली लुळा पडलेला मुलगा. असा मुलगा दुपारनंतर पाणी पीत नाही. तहान लागत नाही म्हणून नव्हे, तर संध्याकाळी उचलून न्यायला कोणी नसतं म्हणून. पाणी तोडलं की लघवीला जंतुसंसर्ग होतो, मग ताप, मग उसनवारी करून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाची वारी. सरकारदरबारी मात्र हे प्रकरण निकाली निघालेलं असतं. साहित्य मिळाल्याच्या कागदावर अंगठा आहे ना!

आता कुणी म्हणेल, कायदा करा. कायदा झालेला आहे, हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 5 मध्ये वैयक्तिक मदतनीसासह घरच्या घरी मिळणाऱ्या सेवांचा उल्लेख आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता कलम 24 मध्ये आहे. असा आधार मागण्याचा अर्ज आणि तो तपासणारं मंडळ कलम 38 मध्ये आहे. या सभागृहात बसलेल्या सरपंचांपैकी, ग्रामसेवकांपैकी कलम 38 चा अर्ज पाहिलेला एक जण हात वर करील काय?

पैशाचा हिशेबही ऐकावा. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन 2012 पासून महिना 300 रुपये, तेही 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर. दिव्यांगांसाठी लढणारे नेते बच्चू कडू यांनी जून 2025 मध्ये मोझरीला उपोषण केलं, महिना 6 हजारांची मागणी केली. त्यानंतर राज्याने संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचे 1500 चे 2500 केले. बरं झालं. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं. घरातल्या एकट्या माणसाने तीनशे रुपये रोजाने 170 दिवस काम केलं की 51 हजार होतात, आणि घर ‘सधन’ ठरतं.

राहिला ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला, दिव्यांगांसाठीचा 5 टक्के वाटा. पंचायतीची वसुली दोन लाख धरली तर हा वाटा दहा हजार होतो. गावात तीस दिव्यांग असले तर माणशी साडेतीनशेही येत नाहीत. त्यातून काय घ्यायचं हे त्या तिसांना कुणी विचारत नाही. खरेदी आधी ठरते, गरज मागाहून तिला बेतून घेतात.

पैसे थेट दिव्यांगांच्या हातात दिले तर उडवतील, ही शंका नेहमी पुढच्या रांगेतून येते. ब्रिटनमध्येही ती होती. 1996 चा कायदा होईपर्यंत तिथल्या नगरपालिकांना दिव्यांगाच्या हाती सेवेऐवजी रोख रक्कम देता येत नव्हती. दिव्यांगांच्या संघटनांनी भांडून तो कायदा करून घेतला. मदतनीस कोण, किती वाजता येणार, आधी आंघोळ की आधी चहा, हे ज्याचं अंग त्याने ठरवायचं.

त्याच्याही आधीचा माणूस म्हणजे एड रॉबर्ट्स. पोलिओने मानेखालचं शरीर गेलेलं, रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपायचं. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने ‘हा कामाला लागण्यापलीकडचा’ असा शेरा मारला. गडी 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. 1972 मध्ये त्याने आणि सोबत्यांनी तिथे स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं. मदतनीस शोधणं, त्यांना शिकवणं, नको असलेल्याला काढणं, सगळं दिव्यांगांच्याच हाती. 1975 मध्ये राज्याने त्याला त्याच पुनर्वसन खात्याचा संचालक नेमलं!

अमेरिका लांब वाटत असेल तर कोल्हापूर जवळ आहे. ‘चाकाची खुर्ची’ लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, ती चाकाच्या खुर्चीत बसून. आपलं साहित्य मात्र अजून अपंग पात्राला शेवटच्या पानावर बरं करतं, नाहीतर मारून टाकतं. त्याला रोजचा मदतनीस लागतो, त्या मदतनीसाला मजुरी लागते, ही कथा कुणाला सुचत नाही. घरात सून आहे, बहीण आहे, शाळा सोडवलेली पोरगी आहे. त्यांचे तास फुकट धरले की प्रश्नच मिटला!

केरळात ‘आश्वासकिरणम’ योजनेत काळजी घेणाऱ्याला महिना 600 रुपये आहेत. रक्कम तुटपुंजी, पण सांभाळणाऱ्या बाईचं काम कागदावर तरी आलं. जालना जिल्हा परिषदेने आणि 2023 मध्ये झालेल्या महानगरपालिकेने आपल्याकडच्या दिव्यांगांसाठीच्या 5 टक्क्यांतला काही भाग मदतीच्या तासांसाठी राखावा. सुरुवात एका तालुक्यापासून करावी. मदतनीस भावजय असो, शेजारीण असो की गावातला बेकार पदवीधर, निवड दिव्यांगाची. तासांची नोंद रोजगार सेवकाने ठेवावी, हजेरीपट भरायची त्याला सवय आहे. मजुरी खात्यावर जावी, पण मदत घेणाऱ्याची सही किंवा अंगठा पडल्यावरच.

हा ठराव सभेपुढे यायचा आहे. तो मांडणारे सदस्य चाकाच्या खुर्चीत खाली बसलेले आहेत, आणि या व्यासपीठाला सात पायऱ्या आहेत. संयोजकांनी त्यांना उचलून वर आणण्याची धावपळ करू नये. माईक खाली न्यावा, आणि वर बसलेल्यांनीही खाली यावं.