गादीतला फेस आणि कामगाराचा श्वास



गादीतला फेस म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ऑटो बायर यांनी ते १९३७ साली शोधले. ते करताना लागणाऱ्या आयसोसायनेटने कामगाराला दमा जडू शकतो. गादीवर लोळताना हे कुणाला आठवते?

आता साखळीत एस्टरचे सांधे घालतात. पाण्याने ते हळूहळू तुटतात. सांधे कमीजास्त केले की माल लवकर वा उशिरा विरतो. मऊ-कठीण तुकड्यांचे प्रमाण बदलले की लवचीकपणा बदलतो. उत्तम! पण मला मालाच्या अंतापेक्षा आरंभाची काळजी अधिक. सायक्लिक कार्बोनेट आणि अमाइन यांपासून आयसोसायनेटवाचून युरेथेनचे तुकडे होतात. ते 'क्लिक' रसायनाने, कडीत कोयंडा बसावा तसे, जोडता येतात. या रसायनाला २०२२ साली नोबेल मिळाले. मात्र त्यात वापरली जाणारी काही अझाइडे स्फोटक असतात. तेव्हा पहारा तिथेही हवाच.