ज्यांस ऐकू येत नाही त्यांचे संगीत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या गायनवादनापूर्वी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही गवई नव्हे. म्हणून ज्यांच्या कानी हे गाणे पडणार नाही, त्यांच्याविषयीच बोलावे असे आम्ही योजिले आहे.

गतवर्षी याच समारंभात आमच्या नात्यातील एक दहा वर्षांची, जन्मतः बधिर असलेली मुलगी व्यासपीठाच्या फळीवर दोन्ही तळहात टेकून उभी होती. तबला रंगात आला होता. ‘हिला काय कळणार?’ असे म्हणून आम्हीच तिला मागच्या खुर्चीवर नेऊन बसविले. आपण एका श्रोत्यास उठविले, हे पुढे या विषयाचे वाचन केले तेव्हा आम्हांस उमगले. त्या अपराधाचे परिमार्जन म्हणून आजचे हे बोलणे.

ध्वनी म्हणजे कंपन. कान ते टिपतो, तशी त्वचाही टिपते. सेकंदाला सुमारे हजार कंपनांपर्यंत तिला जाणीव होते आणि अडीचशेच्या आसपास ती सर्वांत तीव्र असते. डग्ग्याचा घुमारा तळहातास कळतो तो यामुळेच. अतिउंच स्वर मात्र त्वचेच्या आवाक्याबाहेर राहतात. २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. डीन शिबाता यांनी दाखविले की, जन्मबधिर व्यक्तीच्या हातास कंपन जाणवले असता मेंदूतील श्रवणाचे केंद्रच जागृत होते.

स्कॉटलंडमध्ये १९६५ साली जन्मलेल्या एव्हेलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ लोपली. त्यांच्या गुरूंनी त्यांस खोलीच्या भिंतीवर हात ठेवावयास सांगून नगाऱ्यासारखी वाद्ये वाजविली, आणि कोणता स्वर शरीराच्या कोणत्या भागी जाणवतो हे त्या शिकल्या. त्या अनवाणी वादन करतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात वादकांच्या प्रचंड ताफ्याच्या अग्रभागी त्याच होत्या.

तथापि सर्व बधिर एकसारखे नसतात. वार्धक्याने कान मंदावलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांसाठी आपण ध्वनिवर्धक चढवितो. त्याने पुष्कळदा आवाज वाढतो, पण शब्द अधिकच फाटतात. श्रवणयंत्रे मुख्यतः संभाषणासाठी घडविलेली असतात. शस्त्रक्रियेने बसविलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटमधून ताल चांगला कळतो, स्वरांचे चढउतार मात्र अंधुक राहतात. केवळ मोठा आवाज हा उपाय नव्हे.

मग करावयाचे काय? फरशीतून कंपन फारसे पोहोचत नाही, लाकडातून पोहोचते. म्हणून व्यासपीठाच्या फळ्यांवरच काही आसने ठेवावीत. हाती फुगवलेला फुगा द्यावा. त्याच्या पातळ पडद्यास नाद जाणवतो. सभागृहाभोवती तारेचे वेटोळे बसविल्यास योग्य सोय असलेल्या श्रवणयंत्रात गायकाचा आवाज गोंगाट वगळून थेट उतरतो. पदांचे शब्द पडद्यावर दाखवावेत. सांकेतिक भाषेचा जाणकार गायकाशेजारी, उजेडात उभा करावा. त्यास पदे आधी द्यावीत, म्हणजे अर्थ आणि लय दोन्ही त्याच्या हातांत उतरतील. आणि सर्वांआधी, ज्यांच्यासाठी हे करावयाचे त्यांसच विचारावे. कित्येकांस संगीताची ओढ नसते. त्यांच्यावर ते लादणे हेही अगत्य नव्हे.

यांतील तारेच्या वेटोळ्यास खर्च आहे. त्यासाठी निधी जमविण्याची सूचना आम्ही मंडळापुढे ठेवीत आहो. बाकीच्या गोष्टींस पैशापेक्षा आस्थाच अधिक लागते.

ती मुलगी आजही आली आहे. कुठे बसावयाचे, हे यंदा आम्ही तिलाच विचारले. तिने डग्ग्याकडे बोट दाखविले. तबलजींच्या संमतीने तिचे आसन तेथेच मांडले आहे.