पुण्याची दुपार आणि हिरवी पूड

आज जरा अणूंच्या थरथरीबद्दल बोलू.

क्रोमियम ऑक्साइड नावाची हिरवी पूड असते, रंगात वापरतात. तिच्यातून वीज वाहत नाही. पण आतला प्रत्येक क्रोमियम अणू म्हणजे एक छोटा चुंबक, आणि हे चुंबक एक इकडे तोंड करून, एक तिकडे, असे शिस्तीत उभे असतात. साधारण 34 अंश सेल्सिअसच्या वर ही शिस्त मोडते. म्हणजे एप्रिलमध्ये लोहगावचा पारा 39 ला गेला की शिस्त गेली, पहाटे गारवा आला की परत आली! पेपरात मात्र बातमी फक्त पाऱ्याची.

आता वीजच वाहत नाही, तर एका अणूला शेजाऱ्याची दिशा कळते कशी? अशा बऱ्याच ऑक्साइडांमध्ये मधला ऑक्सिजन निरोप पोचवतो. याला सुपरएक्स्चेंज म्हणतात. 1934 मध्ये क्रामर्सने ही कल्पना मांडली, 1950 मध्ये अँडरसनने ती पक्की केली. गोम अशी, की निरोपाचा जोर अंतरावर आणि ऑक्सिजनपाशी होणाऱ्या कोनावर ठरतो. कोन 180 अंश असेल तर शेजारी बहुधा ठामपणे उलट तोंड करतात. 90 च्या जवळ आला की ओढ ढिली पडते, कधी तर दोघं एकाच दिशेला बघायला लागतात.

आणि अणू स्वस्थ कुठे बसतात? सेकंदाला काही लाख कोटी वेळा हलतात. प्रत्येक वेळी कोन आणि अंतर बदलतं, म्हणून चुंबकीय ओढही कमीजास्त होते. उन्हात शिस्त मोडते याचा सगळा दोष या हालचालीला देऊ नका हं. उष्णता त्या छोट्या चुंबकांनाही थेट डळमळवते.

उलटंही घडतं. 1993 मध्ये जपानी संशोधकांनी कॉपर जर्मनेटमध्ये दाखवलं, की उणे 259 अंशांच्या आसपास तांब्याचे अणू जोड्या करून जवळ सरकतात. चुंबकीय फायद्यासाठी स्फटिक स्वतःची मांडणीच बदलतो! मला तरी हे भन्नाट वाटतं. आपल्या पाषाणच्या आयसरमध्येही चुंबकीय ऑक्साइडांवर काम चालतं.

तुमचा काय संबंध? फोन तापतो, कारण चिपमधून वीज वाहते. वीजरोधक चुंबकात वीज न वाहता चुंबकत्वाची लाट धावू शकते, म्हणजे ती उष्णता टळते. पण अणूंची थरथर त्या लाटेतली ऊर्जा खाते. किती खाते, यावर अशी चिप जमेल की नाही हे बरंचसं अवलंबून आहे.