बागेची हजेरी कोण घेणार?

आजचा भाग आपल्या बोरीवलीच्या नॅशनल पार्कबद्दल आहे, पण बिबट्याच्या पुढे जाऊन.

बिबट्यांची मोजणी कशी होते, ते आधी बघू. पायवाटांवर कॅमेरे लावतात, समोरून प्राणी गेला की फोटो निघतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे तोच बिबट्या दोनदा मोजला जात नाही. 2015 मध्ये अशा मोजणीत 35 बिबटे सापडले, 2018 मध्ये 47.

छान! पण कोळी कसे मोजणार? बुरशी, शेवाळ, मुंग्या, गोगलगायी? सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या या जंगलात त्यांचीच संख्या जास्त, आणि त्यांच्यासाठी कुणी कॅमेरा लावत नाही.

अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे 1998 च्या सुमारास ठरलं, की उद्यानातल्या प्रत्येक सजीवाची नोंद करायची. शास्त्रज्ञांबरोबर सामान्य लोकही कामाला लागले. आजवर हजाराहून जास्त अशा प्रजाती मिळाल्या, ज्या विज्ञानाला माहीतच नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेत. तर ऐका. आपल्या शेजारच्या आरेत सापडलेल्या एका विंचवाच्या शास्त्रीय नावातच आरे आहे: लायकस आरेएन्सिस. आणि 2021 मध्ये ठाणे परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 26/11 चे शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयशियस तुकारामी. म्हणजे नवीन जीव शोधायला ॲमेझॉनला जायची गरज नाही, लोकल पुरते.

आता मुद्द्याचं बोलतो. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली. त्याआधी वाद काय होता? आरे हे जंगल आहे की नाही! प्रजातींच्या याद्या होत्या, तरी ती झाडं वाचली नाहीत, हे खरं आहे. यादी म्हणजे कुऱ्हाड अडवणारी भिंत नव्हे. पण यादी असली, की ‘इथे काहीच नाही’ असं कुणाला सहज म्हणता येत नाही. आणि यादीच नसेल, तर काय गेलं हेसुद्धा कळत नाही. माझ्या मते खरी भीती ही आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना रुजवली. नावातच ‘लोक’ आहे, बघा. मुंबईची वृक्षगणना होते, त्यात सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. पण त्या झाडावरचा कोळी, सालीवरची दगडफुलं, मुळाशी उगवणारी अळंबी? ती त्या आकड्यात नाहीत.

मग आपण काय करायचं? फोनवर आयनॅचरलिस्ट ॲप घ्या. फोटो, जागा आणि तारीख टाका, ओळख पटवायला जाणकार मदत करतात. दरवर्षी एप्रिलअखेरीस सिटी नेचर चॅलेंज असतं, 2016 मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांनी ते सुरू केलं. पण एक गोची आहे. एप्रिलमध्ये मुंबई कोरडी ठणठणीत असते. तेव्हा ना बेडूक ओरडतात, ना अळंबी उगवते. आणि आपली कारवी तर आठ वर्षांतून एकदाच फुलते: 2008, 2016, 2024. एका दिवसाची हजेरी घेतली, तर अर्धा वर्ग गैरहजर!

म्हणून माझा सल्ला सोपा आहे. नॅशनल पार्क राहू द्या, घराजवळची महापालिकेची बाग घ्या. त्यातलं एकच झाड निवडा, महिन्यातून एकदा दहा मिनिटं द्या. पान उलटून बघा, सालीच्या भेगा बघा. कढीपत्त्याचं झुडूप असेल तर कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी मिळू शकते. पान तोडू नका, दगड उचललात तर तसाच परत ठेवा. घुबडाचं घरटं दिसलं, तर त्याची नेमकी जागा इन्स्टावर टाकू नका.

वर्षभरात तुमच्याकडे बारा पानांची हजेरी तयार होईल. उद्या त्या बागेत पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरलं, तर बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

झाड कोणतं निवडलंत, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!