डोकं उन्हाने दुखत नव्हतं

(बेकरी व कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांसमोर अकोल्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मित्रमैत्रिणींनो, मी बर्नर दुरुस्त करतो. मागे मे महिन्यात एका बेकरीत गेलो होतो. भट्टीवरच्या दोन पोरांचं डोकं रोज दुपारी ठणकायचं, मळमळायचं. मालक म्हणाले, "अकोल्याचा उन्हाळा आहे भाऊ, डोकं दुखणारच." पोरांनाही ते पटलं होतं. मी धुराड्यात गॅस मोजायच्या यंत्राची नळी घातली. कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघाला. या विषाला ना वास, ना रंग.

बर्नर बिघडलेला नव्हता. तो जानेवारीच्या थंडीत, पहाटे जुळवलेला होता. हवा तापली की विरळ होते. १० अंशांची हवा ४५ अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेतला प्राणवायू सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. पंखा मात्र तेवढीच घनफूट हवा ढकलतो, आणि गॅस त्या प्रमाणात कमी होत नाही. मग तो अर्धवट जळतो. पैसा वाया, भट्टीत काजळी आणि माणसाच्या रक्तात विष.

मग हवेची झडप सताड उघडी ठेवायची का? नाही. जास्तीची हवा भट्टीची उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते आणि बिल वाढतं.

उपाय मोजण्यात आहे. धुराड्यातल्या वायूत ऑक्सिजन साधारण ३ टक्के हवा, कार्बन मोनॉक्साइड शून्याच्या जवळ. वर्षातून दोनदा तरी मोजा: थंडीत एकदा, एप्रिल लागताच एकदा. आणि एका गॅसचा बर्नर दुसऱ्यावर तसाच चालवू नका. नैसर्गिक वायूला जळायला सुमारे दहापट हवा लागते, एलपीजीला पंचवीस-तीसपट.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आज ना उद्या ते आपल्याकडेही येईल. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापड उद्योग वाढतोय. कापडावरची लव जाळायलाही गॅसचे बर्नरच लागतात. हे काम जाणणारी माणसं लागणार आहेत. आयटीआयमधल्या मुलामुलींनो, ती तुम्ही व्हा. चार बेकरीवाल्यांनी मिळून एक यंत्र घेतलं तरी भागेल.

आपली कितीतरी पोरं भट्टीसमोर उभी असतात. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "उन्हाळा आहे," तर एवढंच म्हणा, "असेल, पण आधी मोजून बघू."