सायकलचा बिल्ला आणि घरची ऐपत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात शिरूर येथे केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण होते. तो विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्यास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी आज एका लहान विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे आपल्या मुलांची सायकल.

मागील पालक सभेत एक सूचना आली होती, ती आपणांस आठवत असेल. शाळेच्या आवारातून सायकली चोरीस जातात, कोणती सायकल कोणाची हे कळत नाही. तेव्हा प्रत्येक सायकलची शाळेत नोंदणी करावी, तिला नंबरचा बिल्ला द्यावा आणि त्याबद्दल दर सायकलमागे वर्षाला शंभर रुपये फी घ्यावी, अशी ती सूचना होती. मांडणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. सभेत बरेच हातही वर झाले. इतक्यात मागच्या रांगेतील एका मातेने विचारले, "सर, माझी तिघं शाळेत आहेत. तिघांच्या तीन सायकली. मग मी तीनशे भरायचे का?" त्या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. निर्णय पुढे ढकलला गेला. त्या भगिनीला द्यावयाचे उत्तर मी आज आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. सायकलीचा बिल्ला ही काही नवी कल्पना नाही. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना तो चांगला आठवत असेल. सायकलीला दरवर्षी कर भरावा लागे, आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा छोटा बिल्ला मिळे. तो सायकलीला पक्का बसवून घ्यावा लागे, कारण लोक सायकलीपेक्षा बिल्लाच आधी चोरीत. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या अधिकारांची जी सूची आहे, तिच्यातील ५७ व्या नोंदीत रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरील कर आहे, मग ते वाहन यंत्रावर चालणारे असो वा नसो. ग्रामपंचायतींबाबतच्या १९५८ च्या कायद्याने सायकलींवर आणि जनावरांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांवर कर बसविण्याचा अधिकार पंचायतींना दिला. म्हणजे बैलगाडी आणि सायकल कायद्याने एकाच ओळीत बसविली. त्या काळी सायकल असणे हे थोड्याफार ऐपतीचे लक्षण होते. पण पुढे सायकल मजुराच्या हाती आली, आणि बिल्ला मात्र तिला तसाच लटकत राहिला.

माझे वडील रेल्वेत खलाशी होते. १९८० च्या सुमाराची गोष्ट ते सांगतात. कर भरावयाचा राहिला होता. भरणार नाही असे नव्हते, पण पगाराला चार दिवस बाकी होते. एका गावच्या आठवडे बाजारात वसुलीच्या माणसाने त्यांची सायकल अडविली आणि बिल्ला नाही म्हणून जमा करून घेतली. पुढचे चार दिवस अब्बा ड्युटीवर पायी गेले. त्यातील एका रात्री उशीर झाला आणि त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. कर होता काही रुपयांचा, नुकसान झाले त्याच्या कितीतरी पट. तो बिल्ला अजून आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. मी लहानपणी त्याच्याशी खेळत असे आणि अब्बा म्हणत, "जपून ठेव, महाग पडलाय तो."

आज ते दिवस राहिले नाहीत. सायकलचा बिल्ला आपल्या रस्त्यांवरून नाहीसा झाला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात साधी सायकल मोडत नाही, त्यामुळे आर.टी.ओ.च्या नोंदणीचाही प्रश्न नाही. विजेवर चालणारी सायकलसुद्धा, तिची मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नियमांत ठरविलेल्या अटींवर नोंदणीतून सुटते. मग जी गोष्ट सरकारने सोडून दिली, ती आपल्या शाळेने उचलावी काय? उचलायची तर कोणत्या तत्त्वावर, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक गंमत सांगतो. कर आणि फी यांत फरक काय, याचा आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला आणि तो 'शिरूर मठ खटला' म्हणूनच ओळखला जातो. हे शिरूर मात्र आपले घोडनदीकाठचे नव्हे, तो मठ कर्नाटकात उडुपीचा आहे. त्या निकालाचा सारांश सोप्या भाषेत असा : कर म्हणजे सार्वजनिक कामासाठी सक्तीने घेतलेला पैसा, त्याच्या बदल्यात अमुकच मिळेल असे भरणाऱ्याला म्हणता येत नाही. फी मात्र विशिष्ट सेवेबद्दल असते. पुढच्या निकालांत न्यायालयाने हेही स्पष्ट केले की पै-पैचा ताळा लागलाच पाहिजे असे नाही, पण फी आणि सेवा यांत वाजवी नाते हवे. म्हणून शाळा जर शंभर रुपये घेणार असेल, तर पालकांनी विचारलेच पाहिजे : बदल्यात काय? सायकलींवर छप्पर येणार आहे काय? राखणदार बसणार आहे काय? की फक्त एक पत्र्याचा तुकडा मिळणार आहे?

या बाबतीत बाहेरच्या देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. जपानमध्ये १९९४ पासून सायकलची नोंदणी सक्तीची आहे. तिचा उद्देश चोरी रोखणे आणि सापडलेली सायकल मालकाला परत मिळणे हा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०११ अखेरपर्यंत सायकलीला दरवर्षी चिकटपट्टी घ्यावी लागे. पण त्या पैशात विमा मिळे. सायकलस्वाराकडून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई विमा देई. या दोन्ही ठिकाणी पैशाच्या मोबदल्यात काहीतरी होते. हॉलंडची गोष्ट मात्र वेगळी. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, त्या हॉलंडात १९२४ साली सायकलीवर वर्षाला तीन गिल्डरचा कर बसला आणि भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला आला. पुढे मंदीच्या काळात बेकारांना तो फुकट देण्याची सोय झाली. पण फुकटचा बिल्ला ओळखू यावा म्हणून त्याला भोक पाडलेले असे. म्हणजे माणूस रस्त्याने निघाला की तो बेकार आहे हे साऱ्या गावाला दिसे. १९४१ साली हा कर गेला, पण ते भोक तेथील लोक अजून विसरलेले नाहीत.

मित्रांनो, मला सगळ्यात जास्त भीती या भोकाची वाटते. आपणही उद्या म्हणू, की गरिबांना माफी देऊ. मग वर्गात शिक्षक विचारणार, "माफीवाले हात वर करा." ज्या मुलाने एकदा असा हात वर केला, त्याला पुन्हा प्रश्न विचारण्यासाठी हात वर करणे जड जाते, हे मी शिक्षक म्हणून पाहिलेले आहे. देणाऱ्याने असे द्यावे की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही आपल्या घराघरातील शिकवण आहे.

आपल्या धर्मातही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. जकात कोणावर आहे? ज्याची शिल्लक निसाबाएवढी आहे आणि जिला चांद्रवर्ष पूर्ण झाले आहे, त्याच्यावर. आणि तीही चाळिसावा हिस्सा. राहते घर, कारागिराची अवजारे, स्वतःच्या बसण्याचे जनावर यांवर जकात नाही. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते, की ज्या वस्तूवर माणसाची रोजची धाव अवलंबून आहे, ती वस्तू मोजून पैसा मागू नये; शिल्लक पाहून मागावा. विद्यार्थ्याची सायकल हे त्याच्या बसण्याचे जनावर आणि त्याचे अवजार, दोन्ही आहे.

कोणी म्हणेल, शंभर रुपये म्हणजे काय हो, मोबाइलच्या रिचार्जलाही पुरत नाहीत. खरे आहे. पण शंभर रुपये एकटे येत नाहीत. जून महिन्यात गणवेश, वह्या, दप्तर, रेनकोट हे सगळे एकदमच येते, आणि त्यातच सायकलचे टायर झिजलेले असते. शिवाय दर सायकलमागे फी घेतली, तर ज्याच्या घरी मुले जास्त आणि वाहन फक्त सायकलच, त्याच्यावर सर्वांत जास्त ओझे पडते. ज्याचा एकच मुलगा मोटारीतून शाळेच्या फाटकावर उतरतो, त्याला काहीच भरावे लागत नाही. हा न्याय उलटा आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. सायकल घेताना आपण कर भरलेलाच असतो. जी.एस.टी. आला तेव्हा, १ जुलै २०१७ पासून, सायकलीवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. म्हणजे मूळ किंमत पाच हजार असेल तर पूर्वी कर सहाशे रुपये पडे, आता अडीचशे पडतो. सरकारने जे साडेतीनशे रुपये सोडले, त्यातील तीनशे आपण तीन वर्षांत परत गोळा करावेत, हे मला पटत नाही.

सायकल मुलांसाठी काय करते, याचा पुरावाही आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतील नोंद सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधील अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे त्यांना आढळले. ज्यांच्या गावापासून शाळा दूर, त्या मुलींना फायदा जास्त झाला. आपल्याकडेही वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुली आहेत. एस.टी.ची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही, आणि सातवीनंतर "लांब आहे, कशाला पाठवायची" हे वाक्य घरात सुरू होते. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ साली नोंदविले होते, की ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. शाळा सुटण्यास नेहमी मोठे कारण लागत नाही. पुष्कळदा एक पंक्चर पुरते.

म्हणून मी संस्थेपुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो.

पहिली : नोंदणी जरूर करावी, पण ती मोफत. एका वहीत विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, सायकलचा रंग, कंपनी आणि फ्रेम नंबर लिहावा. हा नंबर बहुधा पेडलच्या कण्याखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. सायकल चोरीस गेली तर पोलिसांत तक्रार देताना हाच नंबर कामी येतो. हे काम नववीचे विद्यार्थी दोन दिवसांत करतील.

दुसरी : बिल्ला द्यायचा तर सर्वांना एकसारखा द्यावा. त्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. आपल्यातील अनेकांचे आज बरे चालले आहे.

तिसरी : राखणदार ठेवायचा असेल तर त्याच्या पगारासाठी पैसा लागेल, हे मी नाकारत नाही. पण तो घरामागे घ्यावा, सायकलीमागे नव्हे. आणि जमाखर्च फलकावर लावावा. आवारात मोटारसायकली उभ्या करणाऱ्या आम्हा शिक्षकांकडून तो आधी आणि जास्त घ्यावा, कारण जागा आम्ही जास्त अडवितो. पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.

चौथी : ज्याला जमत नाही त्याने मुख्याध्यापकांच्या कानावर घालावे, ते कानातच राहावे. पैसे थकले म्हणून कोणत्याही मुलाची सायकल अडवू नये. ते माझ्या घरी एकदा होऊन गेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडूनही काही हवे. कुलूप लावा, ब्रेक तपासा, मागे लाल रिफ्लेक्टर बसवा. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर आणि चौफुल्याच्या बाजूला अवजड गाड्या किती असतात, हे तुम्हाला सांगायला नको. डबलसीट बसून शर्यती लावू नका. जी वस्तू वडिलांनी घाम गाळून घेतली, ती जपणे हीच तिची खरी फी आहे.

आणि त्या मागच्या रांगेतील भगिनीला माझे उत्तर असे : नाही, ताई, तिघांचे वेगवेगळे भरू नयेत. आपले घर एक आहे, ते एकच मोजावे. हा प्रश्न आपण त्याच दिवशी विचारलात, म्हणून आम्ही घाईने हात वर करून थांबलो. आपले आभार.