श्रीमती गंगूबाई हनगल : चरित्र व कर्तृत्व
(आंजी (मोठी) येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या मेळाव्यात थोरांची चरित्रे सांगण्याची प्रथा जुनी आहे, आणि ते थोर बहुधा आपल्याच ज्ञातीतले असतात. आज आम्ही जिचे चरित्र सांगावयास उभे आहोत, ती गायिका ना आपल्या ज्ञातीची, ना आपल्या प्रांताची. हा विषय का घेतला, अशी विचारणा काही वडीलधाऱ्यांनी केली. त्याचे उत्तर ओघाने येईलच.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाड येथे झाला. आईचे घराणे नावाड्यांच्या समाजातले आणि गायनावर निर्वाह करणारे. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या उत्तम गायिका होत्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा थोर गवई त्यांच्या घरी येऊन त्यांचे गाणे ऐकत असे. परंतु रस्त्यातून जाताना त्यांच्या मुलीला ‘गाणेवाली’ म्हणून हिणवणारे लोकही त्याच गावात होते. ज्याचे गाणे ऐकावयाचे त्याच्या सावलीचा विटाळ मानावयाचा, हा आपल्या देशातला चमत्कार काही एकट्या धारवाडचा नव्हे.

१९२४ साली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्माजी अध्यक्ष होते. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगू होती. पुढे त्यांनी सांगितले आहे की, गाण्याची भीती त्यांना वाटली नाही. आपण हलक्या जातीच्या, तेव्हा जेवणानंतर उष्टी काढावयास लावतील की काय, हीच धास्ती मनात होती. जे महात्माजी १९३४ साली वर्ध्यास आले आणि १९३६ पासून सेवाग्रामी राहिले, त्यांच्याच मांडवातली ही गोष्ट. आपल्या वर्धा येथे जमनालालजी बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले, ते १९२८ साली. त्याच वर्षी अंबाबाई मुलीला घेऊन हुबळीस राहावयास गेल्या.

या बिऱ्हाड हलविण्यामागे हेतू एकच होता. मुलीचा ओढा हिंदुस्थानी संगीताकडे आहे, हे आईने ओळखले होते. मराठी नाटक मंडळ्यांनी आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांनी त्या भागात या संगीताची गोडी पसरविली होती. आता अंबाबाईंनी काय करावे? मुलीच्या कानावर दोन पद्धतींची सरमिसळ होऊ नये, म्हणून त्यांनी आपले कर्नाटक गायनच बंद केले. ज्या विद्येवर मान मिळाला, पोट भरले, ती विद्या मुलीसाठी गिळून टाकली. गंगूबाईंचे मानसन्मान सर्वांस ठाऊक आहेत. आमच्या मते या चरित्रातला सर्वांत मोठा प्रसंग हा आहे, आणि त्यात एकही सूर नाही.

हुबळीस प्रथम कृष्णाचार्यांकडे शिक्षण झाले. मग गुरू लाभले ते सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. मराठी रंगभूमी गाजविणाऱ्या या गवयास ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली ती आपल्या वऱ्हाडातल्या दादासाहेब खापर्डे यांनी. गुरुजी कुंदगोळास स्थायिक झाल्यावर गंगूबाई हुबळीहून आगगाडीने शिकावयास जात. भीमसेन जोशी तेथेच शिकत होते. एकेक पलटा दिवसचे दिवस घोटून घेण्याची गुरुजींची रीत होती. कृपण माणूस जसा पैसा खर्च करतो, तसा स्वर खर्च करावा, असे ते सांगत.

मध्यंतरी घशाच्या टॉन्सिल्सच्या विकारावर उपाय झाले आणि मूळचा कोवळा, उंच आवाज खाली उतरून जाड, भारदस्त झाला. रेडिओवर ऐकणाऱ्यास पुरुषच गात आहे असा भास व्हावा, इतका. दुसरी एखादी तेथेच थांबली असती. यांनी त्याच आवाजात किराणा घराण्याची गायकी उभी केली. संसाराचा भारही त्यांनी या गाण्यावरच वाहिला. कन्या कृष्णा मागे बसून साथ करी. ती २००४ साली आईच्या आधी गेली. १९७१ साली पद्मभूषण, २००२ साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. तरी मुसलमान गवई उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात, हे त्या हसत हसत बोलून दाखवीत. २००६ साली त्यांनी शेवटची मैफल केली आणि २१ जुलै २००९ रोजी हुबळीस देह ठेवला. नेत्रदान आधीच ठरविले होते.

आता विचारणेचे उत्तर. आपल्या शिष्यवृत्ती फंडाकडे यंदा एका मुलीचा अर्ज आला आहे. तिला नागपुरास राहून गायन शिकावयाचे आहे. फंड डॉक्टर-इंजिनिअरांसाठी आहे, आणि शिवाय मुलीने चारचौघांत गावे हे आपल्यात शोभत नाही, असे दोन आक्षेप निघाले. पहिला आक्षेप नियमांचा आहे, त्याचा विचार कार्यकारी मंडळ करील. दुसऱ्या आक्षेपासाठी आम्ही हे सारे सांगितले. त्या मुलीची आई मेळाव्यात बसली आहे. मुलीच्या शिकवणीसाठी तिने काय काय मोडले, हे शेजाऱ्यांस ठाऊक आहे. सायंकाळच्या सभेत अर्ज मतास येईल, तेव्हा भगिनींनीही हात वर करावेत, अशी आमची विनंती आहे.

तोवर अध्यक्षांच्या अनुमतीने गंगूबाईंचा शुद्ध कल्याण लावीत आहोत. मुलांस थोडे शांत बसवावे.